सर्वांत धोक्याचा धंदा कोणता? लाखामागे हिशेब करून पाहू



गळिताचा हंगाम जवळ आला की कारखान्यावर आणि शिवारात एकच धावपळ सुरू होते. बॉयलर पेटतो, टोळ्या फडात उतरतात, रस्ते ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी आणि टायरगाड्यांनी भरून जातात. या पानावर आपण नेहमी लागण, खते, पाणी, खोडवा, पाचट यांविषयी बोलत असतो. या अंकात विषय थोडा निराळा घेतला आहे. तो उसाचा नाही, ऊस पिकवणाऱ्या आणि तोडणाऱ्या माणसाचा आहे. परंतु मोजमापाचाच आहे, म्हणून शेतकी खात्याच्या पानावर तो शोभेल असे वाटते.

पारावर बसलेल्या कोणालाही विचारा, "सर्वांत धोक्याचं काम कोणतं हो?" उत्तर ठरलेले असते. कोणी म्हणतो मिलिटरी, कोणी पोलीस, कोणी कोळशाची खाण. शेतीचे नाव कोणी घेत नाही. उलट म्हणतात, "शेतीत कसला आलाय धोका? आपण काय बंदूक घेऊन उभे आहोत का?" हे कितपत खरे आहे, ते आकड्यांनी तपासून पाहू.

क्षेत्र किती, हे आधी विचारा

एका सभासदाने कारखान्याला ३०० टन ऊस घातला आणि दुसऱ्याने १२०. यांत चांगला ऊस कोणी पिकवला? आपल्यातले शेंबडे पोरसुद्धा लगेच उत्तर देणार नाही. ते आधी विचारेल, "क्षेत्र किती?" पहिल्याचे दहा एकर असेल तर एकरी ३० टन पडले. दुसऱ्याचे दोनच एकर असेल तर एकरी ६० टन. म्हणजे १२० टनवाला सरस ठरला.

धोक्याचा हिशेबही असाच करावा लागतो. अमुक धंद्यात वर्षाला किती माणसे मेली, एवढेच पाहून भागत नाही. त्या धंद्यात एकूण माणसे किती आहेत, हे त्या हिशेबातले 'क्षेत्र'. म्हणून जगभर हा दर एक लाख कामगारांमागे वर्षाला किती मृत्यू असा काढतात.

अमेरिकेत १९९२ सालापासून कामावर मरण पावलेल्या प्रत्येक माणसाची धंदेवार मोजदाद सरकार करते. त्यातले २०१८ सालचे काही आकडे असे आहेत:

ट्रक व माल पोहोचवणाऱ्या गाड्यांचे चालक: मृत्यू ९६६, लाखामागे २६.
शेती व पशुपालन करणारे: मृत्यू २५७, लाखामागे २४.७.
गस्तीवरचे पोलीस: मृत्यू १०८, लाखामागे १३.७.
जंगलात लाकूडतोड करणारे: मृत्यू ५६, लाखामागे ९७.६.
मासेमारी करणारे: मृत्यू ३०, लाखामागे ७७.४.
देशातले सर्व कामगार मिळून: मृत्यू ५,२५०, लाखामागे ३.५.

नुसते मृत्यू पाहिले तर ट्रकवाला सर्वांत वर आणि मासेमारीवाला तळाला दिसतो. पण चालक तिथे पस्तीस लाखांच्या वर आहेत, तर मासेमारी करणारे चाळीस हजारही नाहीत. भागाकार केला की चित्र उलटे होते. लाकूडतोड्याचा धोका सरासरी कामगाराच्या जवळजवळ २८ पट निघतो.

आता शेतकऱ्याच्या ओळीकडे बघा. तो पोलिसाच्या वर आहे, आणि थोडाथोडका नाही, पावणेदोन पटींनी वर आहे. ज्या देशात शेतकऱ्याकडे मोठमोठी यंत्रे, चांगले रस्ते आणि दवाखान्याची सोय आहे, तिथली ही गोष्ट आहे.

ब्रिटनमध्येही तेच दिसते. २०२३-२४ या वर्षात तिथे कामावरच्या अपघातांत १३८ कामगार गेल्याची नोंद झाली. त्यातले ५१ बांधकामावरचे आणि २३ शेती, जंगल व मासेमारीतले. २३ हा आकडा लहान वाटतो. पण त्या देशात शेकडा एखादाच माणूस या कामात आहे. शंभरात एक माणूस, आणि मृत्यूत मात्र सहावा हिस्सा! आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा अंदाज तर असा आहे की जगात कामावरच्या अपघातांत मरणाऱ्या दर तिघांपैकी एक शेतीत काम करणारा असतो.

मग हे आपल्या लक्षात का येत नाही?

याचे कारण असे की खाणीतला किंवा गिरणीतला अपघात एकदम पुष्कळ माणसे नेतो. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला कोळसा खाणीत पाणी घुसले आणि सुमारे पावणेचारशे माणसे आत गेली ती परत आलीच नाहीत. जुन्या मंडळींना ती बातमी आजही आठवत असेल. अशा घटनेवर चौकशी बसते, अहवाल निघतो, नियम कडक होतात.

शेतीतली माणसे मात्र एकेक करून जातात. एक आज मोटरीच्या पेटीला चिकटला, एक पंधरा दिवसांनी ट्रॅक्टरखाली आला, एकाला रात्री पाणी पाजताना पान लागले. प्रत्येक वेळी एका गावात एका दिवसाची हळहळ. "त्याची वेळच भरली होती," असे म्हणून सारे घरी जातात. चौकशी नाही, अहवाल नाही, म्हणून सुधारणाही नाही.

दुसरी गोष्ट भीतीची. उसात बिबट्या दिसला की अर्ध्या तासात चार गावांत फोन जातात, आणि जायलाच हवेत. पण मोटरीच्या फ्यूज पेटीचे दार तीन वर्षे तुटलेले असते, त्याबद्दल कोणी कोणाला फोन करत नाही. भीती एकीकडे आणि धोका दुसरीकडे, असे पुष्कळदा होते. ते ओळखण्यासाठीच मोजायचे असते.

आपल्याकडची मोजदाद

आता आपल्या देशाकडे वळू. कारखान्यातल्या कामगारासाठी आपल्याकडे १९४८ साली कारखाना कायदा झाला. अपघातामुळे कामगार ४८ तासांहून अधिक वेळ कामावर येऊ शकला नाही तर तो अपघात कळवलाच पाहिजे, असा त्यात दंडक होता. अशा नोंदींवरून २०१७ ते २०२० या काळात देशभरच्या नोंदणीकृत कारखान्यांत वर्षाला सरासरी १,१०९ मृत्यू आणि चार हजारांहून काही अधिक जखमी असे आकडे मिळतात.

हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. एका मृत्यूमागे जेमतेम चार जखमी. आता जगाचा अंदाज पाहा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या हिशेबाने २०१९ साली जगात कामावरच्या अपघातांत ३ लाख ३० हजार माणसे मेली आणि ३९ कोटी ५० लाख जखमी झाली. म्हणजे एका मृत्यूमागे सुमारे बाराशे जखमी. बाराशे कुठे आणि चार कुठे! आपल्या कारखान्यांत माणूस जखमी न होता सरळ मरतो, असे तर नाही ना? मृत्यू लपत नाही, पण तुटलेले बोट लपते, एवढाच याचा अर्थ. म्हणून कोणत्याही दोन ठिकाणांची तुलना करताना मृत्यूचा दर आधी धरावा. जखमींच्या आकड्यावर भरवसा ठेवण्यापूर्वी त्याची नोंद कोण आणि कशी ठेवतो ते विचारावे.

कारखान्याची निदान वही तरी आहे. शेतीची वहीच नाही. बांधावर मेलेला शेतकरी सरकारी तक्त्यात 'शेतकरी कामावर मेला' असा कुठेच दिसत नाही. तो वेगवेगळ्या रकान्यांत विखुरला जातो.

वीज अंगावर पडून मेला तर तो निसर्गाच्या आपत्तीत. २०२२ साली देशात असे २,८८७ मृत्यू नोंदले गेले, आणि वीज पडते तेव्हा उघड्या रानात असतो कोण?

शॉक लागून मेला तर तो विजेच्या अपघातांत. हा आकडा देशभर, घर-शेत-कारखाना मिळून, २०२१ साली साडेबारा हजारांच्या आसपास होता.

साप चावून मेला तर त्याचा हिशेब आणखी निराळा. २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे गेली, असा अंदाज मोठ्या पाहणीवरून काढण्यात आला. त्यातले बहुतेक खेड्यांतले, आणि निम्मे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले.

फवारणीत विषबाधा झाली तर तो दवाखान्याच्या कागदावर. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा कुठे सर्वांचे लक्ष गेले.

ट्रॅक्टर-ट्रॉलीखाली गेला तर तो रस्त्यावरच्या अपघातांत. २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे मेली. लोकसंख्येने भागले तर दर लाखामागे सुमारे १२ पडतात. वर सांगितलेल्या अमेरिकन पोलिसाचा सारा धोका लाखामागे १३.७ होता. आपल्याकडचा साधा माणूस नुसता रस्त्यावर असतो तेवढ्यातच त्याच्या जवळपास पोहोचतो! मग जो पाच महिने रात्रंदिवस उसाची ट्रॉली घेऊन त्याच रस्त्यावर आहे, त्याचे काय, याचा विचार ज्याने त्याने करावा.

भागाकारातली मेख

लाखामागे दर काढताना छेद नीट धरला नाही तर हिशेब फसतो. त्याची दोन उदाहरणे देतो.

पहिले गटारे व मैल्याच्या टाक्या साफ करणाऱ्यांचे. २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत या कामात ३७७ माणसे गुदमरून किंवा अन्य धोक्याने मेली, असे सरकारने संसदेत सांगितले. वर्षाला ७५ पडले. १४० कोटींच्या देशात ७५ म्हणजे काहीच नाही, असे कोणी म्हणेल. पण हे काम करतात किती? शहरांतून सरकारने २०२४ अखेरपर्यंत पाहणी केली, तेव्हा अशा कामगारांची संख्या सुमारे पंचावन्न हजार भरली. भागाकार करा. लाखामागे १३५ च्या पुढे जातो. अमेरिकेतल्या लाकूडतोड्याहूनही वर! ज्या कामाकडे आपण पाहायलाही तयार नसतो, ते काम या यादीत सर्वांच्या डोक्यावर बसते.

दुसरे उदाहरण आपल्या ऊसतोड मजुराचे. हे आकडे केवळ समजण्यासाठी धरलेले आहेत. समजा, एका कारखान्याकडे हंगामात ६,००० तोडणी मजूर येतात आणि त्यातला एक अपघाताने दगावतो. सरळ भागाकार केला तर लाखामागे सुमारे १७. पण हे मजूर वर्षातले पाचच महिने इथे असतात. वर्षभराच्या हिशेबाने त्यांचे काम २,५०० पूर्णवेळ माणसांइतके भरते. त्यावर भागले तर दर लाखामागे ४० होतो. वर दिलेले अमेरिकेचे दर असेच कामाच्या तासांवर काढलेले आहेत, वर्षाला दोन हजार तास म्हणजे एक पूर्ण कामगार धरून. तेव्हा हंगामी कामाची तुलना बारमाही कामाशी करताना डोकी मोजू नयेत, दिवस मोजावेत.

आणखी एक सावधगिरी. लहान आकड्यांवर एका वर्षात निकाल देऊ नये. एका गटात यंदा दोन मृत्यू झाले, पुढल्या वर्षी एकही नाही, म्हणून धोका संपला असे होत नाही. पाडेगावच्या संशोधन केंद्रावर उसाचा नवा वाण एका हंगामावर पास करत नाहीत. लागण घेतात, खोडवा घेतात, चार ठिकाणी चाचण्या घेतात. तोच धीर इथे धरावा आणि निदान पाच वर्षांची सरासरी काढावी.

जे एका दिवसात मारत नाही ते

अपघाताचा दर म्हणजे सगळा धोका नव्हे. वर जगातले ३ लाख ३० हजार अपघाती मृत्यू सांगितले. त्याच अंदाजात कामामुळे जडलेल्या आजारांनी मरणारांची संख्या २६ लाख आहे, म्हणजे अपघातांच्या जवळजवळ आठपट. धूळ, धूर, रसायने, ऊन आणि अतिश्रम ही त्याची कारणे.

यातले एक उदाहरण खास उसाचे आहे. मध्य अमेरिकेत निकाराग्वा आणि एल साल्वादोर या देशांच्या किनारपट्टीत ऊस तोडणारे तरणेताठे पुरुष मूत्रपिंड निकामी होऊन मोठ्या संख्येने मरू लागले. ना मधुमेह, ना रक्तदाब. तपासाअंती कडक उन्हातले सलग अतिश्रम आणि शरीरातले पाणी कमी होणे, यांकडे मुख्य बोट दाखवले गेले. तिथे ऊस पेटवून मग तोडतात. काळवंडलेल्या फडात ते काम भट्टीतल्यासारखेच असते. मृत्यू मात्र घरी, अंथरुणावर, काही वर्षांनी येतो. म्हणून अपघाताच्या वहीत ही माणसे कधीच दिसली नसती.

यावर उपाय काय केला, तेही ऐकण्यासारखे आहे. एल साल्वादोरमध्ये २०१४-१५ च्या हंगामात काही तोडणाऱ्यांना पाठीवर पाण्याची पिशवी, फडातच हलवता येणारी सावली आणि ठरावीक वेळाने सक्तीची विश्रांती देण्यात आली. कोयत्याची घडणही सुधारली. कोणीही म्हणेल की विश्रांती दिली म्हणजे तोड कमी होणार. झाले उलटे. आधी चार तासांच्या दिवसात माणशी ५.१ टन तोड होत होती, ती नंतर पाच तासांच्या दिवसात ७.३ टन झाली. एक तास वाढला तो वजा धरला तरी ताशी सव्वा टनाची तोड जवळजवळ दीड टनावर गेली. फडात पाण्याचा पिंप ठेवणे हा धर्मादाय नाही, तो गाळपाचाही हिशेब आहे, हे यावरून ध्यानात यावे.

दर खाली येतो का?

येतो. आणि नशिबाने नव्हे, उपायांनी येतो.

अमेरिकेच्या कोळसा खाणींत १९०७ या एका वर्षात ३,२४२ माणसे मेली. तेव्हा खाणकामगार होते सुमारे पावणेसात लाख, म्हणजे लाखामागे पावणेपाचशेच्या आसपास. २०२० साली तिथे पाच मेले. आता कोणी चतुर सभासद म्हणेल, "खाणीच कमी झाल्या असतील." बरोबर, छेद पाहिलाच पाहिजे. २०२० साली कामगार साठ हजारांच्या वर होते. म्हणजे दर लाखामागे आठच्या आसपास. पावणेपाचशेवरून आठ! हवा खेळती ठेवणे, स्फोटक धूळ दाबणे, छताला आधार देणे, दरवर्षी तपासणी करणे आणि प्रत्येक मृत्यूची चौकशी करणे, यांमुळे ते झाले.

खाण राहू द्या, शेतीतलेच घ्या. ट्रॅक्टर उलटला की चालक त्याखाली चिरडतो. स्वीडनने १९५९ सालापासून नव्या ट्रॅक्टरवर चालकाभोवती मजबूत लोखंडी चौकट बसवण्याची सक्ती केली. ट्रॅक्टर उलटला तरी चौकट जमिनीला टेकते आणि चालकापुरती जागा शिल्लक राहते. त्यापूर्वी तिथे लाख ट्रॅक्टरांमागे दहाहून अधिक माणसे वर्षाला अशी मरत. १९९० पर्यंत हा दर एकाच्याही खाली आला. माणसे अधिक हुशार झाली म्हणून नव्हे. चूक झाली तरी जीव वाचेल, अशी सोय यंत्रातच केली म्हणून.

आपल्याकडे मळणी यंत्राने पुष्कळांचे हात गेले. तेव्हा भारतीय मानक ठरले की पेंढी सारण्याचे तोंड निदान ९० सेंटिमीटर लांब असावे आणि त्यातला ड्रमकडचा निदान ४५ सेंटिमीटर भाग वरून झाकलेला असावा. कारण साधे आहे. हात तेवढा लांब पोहोचतच नाही. १९८३ साली धोकादायक यंत्रांबद्दल केंद्राचा कायदा झाला, त्याचाही रोख मळणी यंत्रावरच होता. यंत्र घेताना आपण किंमत आणि हॉर्सपॉवर विचारतो. तोंडाची लांबी टेपने मोजून घेणारा शेतकरी शंभरात किती सापडेल?

आपल्या गटात काय करता येईल

एवढे सगळे सांगण्याचे तात्पर्य असे की जे मोजले जात नाही ते सुधारत नाही. साखर उतारा रोज प्रयोगशाळेत मोजतो म्हणून तो अर्ध्या टक्क्याने घसरला तरी दुसऱ्या दिवशी धावपळ होते. माणसाच्या जिवाचा उतारा मात्र आपण कुठेच लिहून ठेवत नाही.

म्हणून शेतकी विभागाची अशी विनंती आहे की या हंगामापासून प्रत्येक गट कार्यालयात एक अपघात नोंदवही ठेवावी. तिच्यात सभासद, त्यांच्या घरची माणसे, सालगडी, रोजंदारीचे मजूर आणि ऊसतोड टोळीतली माणसे, बायका व मुले धरून, सर्वांचे कामावरचे अपघात लिहावेत. काय झाले, केव्हा झाले, कोणते काम चालू होते, कोणते यंत्र होते, किती दिवस काम बुडाले, एवढ्या पाच गोष्टी पुरेत. दोष कोणाचा हा रकाना मुद्दाम ठेवू नये. तो ठेवला की लोक सांगायचे बंद होतात. ट्रॉलीची पिन निसटली पण कोणाला लागले नाही, असे थोडक्यात हुकलेले प्रसंगही लिहावेत. आज हुकलेला उद्या लागतो. हंगाम संपल्यावर आपण त्याचा दर काढू, आणि पाच वर्षांनी आपल्या कार्यक्षेत्रात माणूस नेमका कशाने जातो, हे आपल्याला अंदाजाने नव्हे, वहीतून सांगता येईल.

वही भरेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे कारण नाही. जे ठाऊक आहे ते आजच करता येते.

१. मोटरीच्या पेटीला दार आणि अर्थिंग असू द्या. ओल्या हाताने, अनवाणी पायाने स्टार्टरला हात लावू नका. फ्यूजच्या जागी जाड तार घालू नका. लोंबणाऱ्या तारेखाली उसाची उंच ट्रॉली भरू नका.

२. ट्रॉलीला मागे लाल रिफ्लेक्टर हवाच. ट्रॉली रस्त्यात बंद पडली तर मागे चांगल्या अंतरावर खूण ठेवा. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला काळोखात उसाचा भारा दिसत नाही. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर आणि दोन ट्रॉल्यांच्या मधल्या दांडीवर कोणालाही बसू देऊ नका, मग तो घरचा पोरगा का असेना.

३. कडबा कुट्टी, मळणी यंत्र आणि ट्रॅक्टरचा फिरता शाफ्ट यांच्याजवळ पदर, मफलर, सैल बाही नको. अडकलेला काडीकचरा यंत्र बंद करूनच काढा.

४. विहिरीत पेट्रोल किंवा डिझेल इंजिन उतरवून चालवू नका. त्याचा धूर खाली साचतो, वास येतोच असे नाही, आणि पहिल्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. मळीच्या व मैल्याच्या टाकीचेही तेच.

५. रात्री पाणी पाजताना पायात गमबूट, हातात बॅटरी. साप चावला तर मांत्रिक नाही, चिरा देणे नाही, घट्ट दोरी आवळणे नाही. तो अवयव न हलवता सरळ सरकारी दवाखाना गाठा.

६. ढग गडगडू लागले की उघडे रान सोडा. एकट्या झाडाखाली उभे राहू नका.

७. टोळी आपल्या फडात आली की प्यायचे पाणी आणि सावलीची जागा ही फडमालकाची जबाबदारी समजा. मोळी डोक्यावर घेऊन ज्या फळीवरून माणूस ट्रकवर चढतो, ती फळी ओली किंवा तडकलेली नाही ना, एवढे पाहायला दोन मिनिटे लागतात.

आणि दुर्दैवाने काही घडलेच तर कागद वेळेवर करा. राज्य शासनाची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना २०२३ सालापासून राबवली जाते. खातेदार शेतकरी किंवा त्याच्या कुटुंबातील खातेदार नसलेली एक व्यक्ती, वय १० ते ७५, यांना तिचा लाभ आहे. अपघाती मृत्यू आल्यास दोन लाख आणि एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेल्यास एक लाख रुपये मिळतात. रस्त्यावरचा अपघात, शॉक, वीज पडणे, सर्पदंश, बुडणे, विषबाधा हे सर्व त्यात येते. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे तीस दिवसांच्या आत द्यायचा असतो. पुष्कळ प्रकरणे पंचनामा न केल्याने किंवा उशीर झाल्याने अडकतात. दुःखाच्या घरात कागदाचे सुचत नाही, हे खरे आहे. म्हणूनच ते शेजाऱ्याने आणि गटाच्या माणसाने सुचवायचे असते.

सभासदहो, धंदा धोक्याचा आहे म्हणून तो कोणी सोडणार नाही. लाकूडतोड्याने जंगल सोडले नाही, कोळ्याने दर्या सोडला नाही, आणि आपणही ऊस सोडणार नाही. पण एकरी टनेज वाढावे म्हणून जितक्या बारकाईने आपण बेण्याचा डोळा तपासतो, तितक्याच बारकाईने पेटीचे दार आणि ट्रॉलीची पिन तपासली, तर हंगामाच्या शेवटी टोळी परत गावी निघेल तेव्हा आली तेवढीच माणसे गाडीत बसतील.

नोंदवही गट कार्यालयात ठेवण्यात येत आहे. स्लिप बॉयकडे तोंडी सांगितले तरी तो लिहून घेईल.

ऊस विकास अधिकारी,
शेतकी विभाग